पंचेचाळीस लाख सतरा हजार एकशे सत्त्याण्णव

बाबांनी जन्मभर गणित शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं तळा गावच्या हायस्कुलात. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि गणितात यथातथाच. दिव्याखाली अंधार, असं त्यांच्याबरोबरचे शिक्षक माझ्यासमोरच म्हणायचे आणि बाबा हसायचे. त्या हसण्याचा राग मला पंचावन्न उलटल्यावरही येतो. त्यात नोकरी मिळाली तीही आकड्यांचीच. न्हावा शेव्याला एका ऑफिसात मी दिवसभर कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरवर चढवते. या नंबरातला शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणजे मधला एखादा चुकीचा पडला तर बहुधा तिथल्या तिथे पकडला जातो, हे मी बाबांना एकदा सांगितलं तर ते आठवडाभर खूश होते. हिशेब कसा करतात ते विचारत राहिले. मी म्हटलं, ते मशीन करतं, मला फक्त चौकट लाल झालेली दिसते.

आई गेल्यापासून बाबा रेवसजवळच्या आमच्या गावी एकटे राहत होते. घर लहान, मागे नारळी-सुपारीची वाडी. शेजारच्या मावशी दोन्ही वेळचं जेवण करून ठेवायच्या आणि येता-जाता डोकावायच्या. मी उरणला राहते. शनिवारी अर्धा दिवस भरून करंजाला यायचं, ओहोटी असेल तर बोटीसाठी पाणी चढायची वाट बघत बसायचं, पलीकडे रेवसला उतरून रिक्षा करायची, आणि रविवारी संध्याकाळी हेच उलट्या बाजूने. या फेऱ्यांचं ते चौथं वर्ष होतं. पहिल्या वर्षी बोटीत वारा लागला की बरं वाटायचं. पुढे पुढे मी बोटीत बसल्या बसल्या झोपायला लागले. पलीकडच्या धक्क्याला बोट आपटली की जाग यायची आणि पहिला विचार यायचा, की अजून उतरायचं आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मावशींचा फोन आला. बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि वाडीत जाऊन बसले, भांडं जळून काळं झालं. आठ दिवसांत दुसऱ्यांदा. पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने बाबांना तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाली, आणि मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मग ते भडाभडा खाली उतरले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि ती पुरे पुरे म्हणत असतानाही दोनपर्यंत जाऊन थांबले. तिने हसून शाबासकी दिली आणि ते तीन शब्द विचारले. बाबांना एकही सांगता आला नाही. शब्द हा माझा विषय नाही, असं त्यांनी तिला ऐकवलं.

बाहेर येऊन डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की यांनी आता एकटं राहू नये. बाबा बाकावर बसले होते, त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं आता भांडतील. ते हातातल्या केस पेपरकडे बघत होते. त्यावर नंबर छापलेला होता, ४५१७१९७.

"पंचेचाळीस लाख सतरा हजार एकशे सत्त्याण्णव," ते म्हणाले. "मूळ दिसतेय."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती, एवढं मलाही माहीत होतं. औषधांच्या रांगेत उभ्या उभ्या त्यांनी त्या आकड्याची चौकशी सुरू केली, सोयरिकीला आलेल्या स्थळाची करावी तशी. शेवटी सात, म्हणजे दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीन गेला. मग त्यांनी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले. एकशे सत्त्याण्णवातून पाचशे सतरा वजा, अधिक चार. उरले उणे तीनशे सोळा. तीनशे सोळाला सातने भाग जात नाही, अकराने नाही, तेरानेही नाही, म्हणजे सबंध आकड्यालाही या तिघांनी जात नाही. एका वजाबाकीत तीन गिऱ्हाइकं कटवली, असं म्हणून ते इतके हसले की पुढच्या बाईने वळून पाहिलं. मला त्या दिवशी त्यांचं काही कौतुक वाटलं नाही. मला औषधं घेऊन शेवटच्या बोटीच्या आत त्यांना घरी पोचवायचं होतं.

रिक्षात त्यांनी अट घातली. या आकड्याचं वर्गमूळ दोन हजार एकशे पंचवीसच्या किंचित पुढे येतं, तेव्हा तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला की निकाल लागतो. अशा संख्या तीनशे एकोणीस. रोज पाच भागाकार ते हाताने करणार, वहीत मांडून.

"त्यात एक चूक काढून दाखव," ते म्हणाले, "मी गुमान तुझ्याकडे येतो. नाही निघाली, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. त्या पोरीनेही नाही, तूही नाही."

मी बरं म्हटलं. मी इतकी दमले होते की त्यांनी घर विकून हिमालयात जातो म्हटलं असतं तरी मी बरं म्हटलं असतं. शिवाय मनातून मला खात्री होती, की आठवडाभरात हे खूळ विसरून जातील.

ते विसरले नाहीत. मावशींनी नाक्यावरून एक वही आणून दिली आणि काम सुरू झालं. सकाळी चहा झाला की पडवीत पाट मांडून बसायचे. एका पानावर एक भागाकार, पेन्सिलीने, त्यांच्या त्या सुबक आकड्यांत, शेवटी उजवीकडे बाकी आणि खाली तारीख. मी शनिवारी गेले की कुठवर आलं म्हणून विचारायचे. चाललंय, अजून तरी भाग जात नाही, असं म्हणायचे. कधी एखाद्या संख्येबद्दल सांगायला लागायचे आणि मी भाजी निवडता निवडता हूं हूं करायचे. तीन आठवड्यांनी दुसरी वही आली. त्यानंतर तिसरी. मावशी म्हणाल्या, "ताय, गुर्जी काय आयकत न्हाय. येक वही सरली का लगेच दुसरी सांगतान." मला बरं वाटलं. गॅस मावशींनी आपल्या ताब्यात घेतला होता, दूध जळत नव्हतं, आणि बाबा एका जागी बसून होते.

इथे खरं सांगून टाकते. चूक निघावी असं मला वाटायचं. चूक निघाली की ते माझ्याकडे येतील आणि ही बोट टळेल, ही रिक्षा टळेल, रविवारी सकाळी मला सातपर्यंत झोपता येईल. आणि चूक निघू नये असंही वाटायचं. आमच्या दोन खोल्यांत त्यांची खाट कुठे घालायची, नवरा रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपतो तेव्हा हे कुठे बसणार, हे मला सुचत नव्हतं. वाडीत फिरणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर काय करेल? या दोन इच्छांच्या मध्ये मी एकदाही वही उघडून पाहिली नाही. तीन महिने होत आले. अट मीच मान्य केलेली, तपासणी मीच करायची, आणि मी ती करत नव्हते. आळस म्हणा, भीती म्हणा. मी त्याला दमणूक म्हणत होते.

मग एका गुरुवारी ऑफिसात डबा खाता खाता मी तो आकडा कॉम्प्युटरवर टाकला. एवढे दिवस का टाकला नव्हता ते विचारू नका. एक क्षणही लागला नाही. ४५१७१९७ म्हणजे ६१३ गुणिले ७३६९. मूळ नाहीच.

माझा घास हातात राहिला. सहाशे तेरा म्हणजे काही फार लांबचा आकडा नव्हे. तिसरी वही संपून चौथी सुरू होती, म्हणजे तो कधीच मागे पडला असणार. म्हणजे तिथे बाबांचा भागाकार चुकला होता. त्यांनी सहाशे तेराने भाग दिला, काहीतरी बाकी काढली आणि पुढे गेले. दोन दिवस मी हेच धरून चालले. शनिवारी बोटीत मला झोप आली नाही. त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते मी जुळवत होते. रागावतील, पेन्सिल आपटतील, कॉम्प्युटर चुकला म्हणतील, असं सगळं मी धरलं होतं. खाट कुठे घालायची तेही ठरवून टाकलं होतं, खिडकीखाली.

मी पोचले तेव्हा बाबा जेवून झोपले होते. वह्या कपाटात एकावर एक नीट रचलेल्या. चौथी पडवीत पाटावर, तिच्यात शेवटचा भागाकार चारशे एकचा होता. मला वाटलं, चारशे एक? इतके दिवस गेले आणि अजून चारशेच? मी पहिली वही घेऊन पायरीवर बसले.

पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर, पुठ्ठ्याला लागून, सहाशे तेराचा भागाकार होता. मी फोनवर पडताळला. ७३६९, बाकी शून्य. अगदी बरोबर. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "भाग जातो. मूळ नाही."

दुसरी वही उघडली. पहिल्या पानावर सात. मग अकरा, तेरा, सतरा. शेवटच्या पानावर सहाशे तेरा, बाकी शून्य, भाग जातो. बाजूला बारीक अक्षरात आणखी एक गंमत मांडलेली होती, की ६१३ म्हणजे सतराचा वर्ग आणि अठराचा वर्ग यांची बेरीज. तिसऱ्या वहीतही पहिलं पान सातचं आणि शेवटचं सहाशे तेराचं. पुन्हा शून्य. त्याच्या खाली लिहिलं होतं, "शनिवारी सांगणे."

त्या तीन वह्यांत मला एकही भागाकार चुकलेला सापडला नाही. मी सगळे फोनवर तपासले. तपासताना कुठेतरी माझं रडू सुरू झालं आणि कुठेतरी थांबलं, त्याकडे माझं लक्ष नव्हतं. रोज पाच म्हणजे तीनशे एकोणीस भागाकार दोन महिन्यांत संपायला हवे होते, हे साधं त्रैराशिक. चौथीतल्या मुलालाही सुटलं असतं. मी अकरा-बारा आठवडे त्यांना कुठवर आलं विचारत होते आणि उत्तराकडे कान नव्हता. तीन वेळा माझ्या बापाला उत्तर सापडलं आणि तिन्ही वेळा शनिवार यायच्या आत ते त्यांच्याकडून निसटलं. मी मंगळवारी गावात असते, बुधवारी असते, तर मला सांगितलं असतं.

मावशी भांडी घासायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, गुरुजी कधी वही दाखवायला आले होते का. त्या म्हणाल्या, "व्हय तं. येकदा लय खूश व्हते. मना बोलवून वही दाखवली, हासत व्हते. मना त्यातला काय समाजतं, ताय? मी म्हटला, बरा झाला गुर्जी."

बाबा उठले. चहा दिला. सांगू नये असंही मनात आलं. अटीप्रमाणे ते जिंकले होते, एकही चूक नव्हती, आणि मी गप्प बसले असते तर विषय कायमचा मिटला असता. पण मला ते झेपलं नसतं. मी तिन्ही वह्या शेवटच्या पानावर उघडून त्यांच्यासमोर पाटावर ठेवल्या.

त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला ७३६९ ला ६१३ ने गुणलं. उत्तर आल्यावर मान हलवली.

"बरोबर आहे. आणि अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "शनिवारी सांगणे, असं लिहिलंय. तुला सांगितलं नाही का मी?"

"नाही बाबा."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

ते तारखा बघत राहिले, एकीवरून दुसरीवर बोट नेत. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी घाईने म्हटलं, की भागाकार एकही चुकलेला नाही, मी सगळे तपासले, अट तुम्ही जिंकलात, तुम्हाला इथेच राहायचं असेल तर राहा, मी बघते काय करायचं ते. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

"अट मी चुकीची घातली होती," बाबा म्हणाले. "मला जे येतं त्याचीच परीक्षा मी लावली. असा पेपर कोणी काढतो का? येतो मी तुझ्याकडे. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन ये, बोटीत सामान चढवता यायचं नाही."

मग ते उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या शनिवारच्या चौकटीत त्यांनी स्वतः लिहिलं, "उरणला जाणे." मावशींना हाक मारून तेही सांगितलं. वाडीचं शिंपण कोणी बघायचं, घराची चावी कोणाकडे ठेवायची, याचं आमचं रविवारी दुपारपर्यंत बोलणं झालं. निघताना मला वाटलं, शहाणपण अजून यांच्याच घरात आहे. बोटीत मी पुन्हा झोपले.

पुढच्या शनिवारी मी गाडी ठरवून पेणवरून वळसा घालून गेले. तिसऱ्या मजल्यावर खिडकीखाली खाट घातली होती, नवऱ्याने त्याच्या झोपेची सोय आतल्या खोलीत केली होती. मावशींनी पदरमोड करून बाबांसाठी एक नवी चादर आणली होती. त्यांनी मला अंगणातच गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, की रोज सकाळी त्यांनी आठवण करून दिली, रोज गुरुजींनी हो म्हटलं, पण कपडे काही भरले नाहीत.

बाबा पडवीत पाटावर बसले होते. चौथी वही शेवटच्या पानापर्यंत आली होती. मला पाहून ते अर्धवट उठले, हाताने वही उचलून धरली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी अंगणातच थांबले. मावशींना जे हसू दिसलं होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं, ते हे होतं.

"बरं झालं आत्ता आलीस," बाबा म्हणाले. "भाग जातो गं याला. सहाशे तेराने. आत्ता, ह्या घडीला सापडला. मूळ नाहीच ती. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

कॅलेंडर त्यांच्या पाठीमागे भिंतीवर होतं. गाडीवाल्याने डिकी उघडून ठेवली होती आणि सामान कुठे आहे म्हणून तो माझ्याकडे बघत होता. वह्या पुन्हा काढायच्या, पुन्हा तिन्ही शेवटची पानं उघडायची, पुन्हा त्यांना ते वाचू द्यायचं, आणि हे आज, उद्या, खिडकीखालच्या खाटेवर, किती वेळा करायचं ते मला माहीत नव्हतं. पण ते लगेच करायला हवं होतं असं नाही.

मी गाडीवाल्याला थांबायला सांगितलं, चपला काढल्या आणि बाबांच्या समोर बसले. कसा सापडला ते दाखवा म्हटलं. असं मी त्यांना जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, केस पेपरच्या मागच्या बाजूला तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि सातपासून सुरुवात केली.